गावच्या कचऱ्याचं पत्र कुणाच्या टेबलावर जावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. किनाऱ्यावरची तीन हजार वस्तीची ग्रामपंचायत. वीस-बावीस होमस्टे, एक जेटी, खाडीच्या तोंडावर मासळी उतरवायची जागा. मे महिन्यात पर्यटक कचरा करतात, पावसाळ्यात समुद्र बाटल्या, चपला, जाळी आणून टाकतो. प्रदूषण मंडळाला लिहिलं तर उत्तर आलं, ‘ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी.’ बंदरं आणि जेट्या बघणाऱ्या मेरीटाइम बोर्डाने लिहिलं, ‘जिल्हा परिषदेशी संपर्क साधावा.’ जिल्हा परिषद म्हणते, ‘स्वच्छ भारतमधून शेड दिली आहे.’ मग दिल्लीतली एवढी खाती नेमकं काय करतात आणि धरायचं कुणाला?

तिन्ही उत्तरं खोटी नाहीत, अर्धी आहेत. कचऱ्याच्या कामात नियम करणारा, पैसा देणारा, तपासणारा आणि उचलणारा हे चौघे वेगळे असतात. पत्र भलत्याच्या हातात पडलं की ते ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ टेबलावरून टेबलावर फिरत राहतं. त्यामुळे ‘कचरा कुणाचा’ हा वाद आधी बाजूला ठेवा. कचरा कसला आहे, पडलाय कुठे, आणि तुम्हाला त्या कार्यालयाकडून पैसा हवाय, जागा हवीय, दंड हवाय की गाडी हवीय, एवढं ठरवलं तर पत्त्याचा घोळ बराचसा सुटतो.

मुळात राज्यघटनेत कचरा हा केंद्राचा विषय नाही. सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता राज्य सूचीत आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे द्यायच्या विषयांत ‘आरोग्य व स्वच्छता’ आहे, आणि बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे घनकचरा व्यवस्थापन स्पष्ट शब्दांत दिलं आहे. केंद्र यात शिरतं ते पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ या दाराने. प्लास्टिक, जैववैद्यकीय, घातक, ई-कचरा, बॅटऱ्या असे सगळे नियम याच कायद्याखाली केंद्रीय पर्यावरण, वने व हवामान बदल मंत्रालयाने काढले आहेत. हे मंत्रालय नियम करतं. तुमच्या गावात घंटागाडी देण्याचं त्याचं काम नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ मानकं ठरवतं, राज्यांच्या मंडळांचे अहवाल गोळा करतं आणि उत्पादकांच्या नोंदणीची पोर्टलं चालवतं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ परवानगी देतं, तपासतं, नोटीस काढतं. आपल्या बाजूला त्याची उपप्रादेशिक कार्यालयं चिपळूण आणि रत्नागिरीला आहेत. या मंडळाला ‘कचरा उचला’ असं लिहिलं तर उत्तर ठरलेलंच येणार. ‘अमुक ठिकाणी खाडीत सांडपाण्याचा टँकर रिकामा होतो, तारीख, वेळ, फोटो सोबत’ असं लिहिलं तर ते त्यांचं काम आहे, जल अधिनियम १९७४ खाली.

एक बारकावा बऱ्याच पंचायतींना माहीत नसतो. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ हे साध्या ग्रामपंचायतीला मुळात लागूच नव्हते. ते शहरं, जनगणनेतली शहरं, औद्योगिक वसाहती, बंदरं, तीर्थक्षेत्रं अशांसाठी होते. प्लास्टिक कचरा नियम २०१६ मात्र पहिल्यापासून ग्रामपंचायतीला लागू आहेत. १ एप्रिल २०२६ पासून घनकचऱ्याचे नवे नियम आले, त्यांत ग्रामीण स्थानिक संस्थाही आल्या आणि कचरा घरातच चार भागांत वेगळा करायचा झाला: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (रंगकामाचे वापरलेले डबे, औषधं, ट्यूबलाइट, पारा असलेल्या वस्तू वगैरे). म्हणून २०२६ च्या आधीचं एखादं परिपत्रक दाखवून कुणी ‘हे गावाला लागू नाही’ म्हणालं तर तारीख बघा.

२०१६ च्या नियमांत केंद्राच्या बाकीच्या खात्यांनाही एकेक ओळ दिली होती. खत विभागाने कंपोस्टच्या विक्रीला मदत करावी, कृषी मंत्रालयाने ते शेतात पोचवावं, ऊर्जा मंत्रालयाने कचऱ्यापासूनच्या विजेचा दर ठरवावा, नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने अनुदान द्यावं. किनाऱ्यावरच्या गावाला यातलं प्रत्यक्षात भिडतं ते एकच: कंपोस्ट पिशवीत भरून ‘खत’ म्हणून विकायचं ठरवलंत तर खत नियंत्रण आदेश १९८५ लागतो, परवाना आणि तपासणी लागते. गावातल्याच नारळी-पोफळीच्या वाड्यांत ते सुटं घातलं तर ही भानगड नाही. तीन हजार वस्तीत तेवढंच खत होतं, त्यामुळे विक्रीच्या नादी लागू नये हे बरं.

आता पैसा. शहराचा कचरा गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाकडे (स्वच्छ भारत मिशन नागरी), गावाचा जलशक्ती मंत्रालयाच्या पेयजल व स्वच्छता विभागाकडे (स्वच्छ भारत मिशन ग्रामीण). मालवण, वेंगुर्ले, गुहागर ही नगरपरिषदेची किंवा नगरपंचायतीची गावं. त्यांच्याकडून ऐकलेली योजना तुमच्याकडे तशीच लागू होत नाही. वेंगुर्ल्याच्या कचरा प्रकल्पाचं उदाहरण सगळे देतात, आणि ते बघण्यासारखं आहेच: बारीक वर्गीकरण, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात, ओल्यापासून बायोगॅस, पालापाचोळ्याच्या कांड्या. पण तिथे मुख्याधिकारी आहे, पगारी सफाई कामगार आहेत, नागरी मिशनचा निधी आहे. तुमच्याकडे एक ग्रामपंचायत अधिकारी, एक शिपाई आणि दोन मानधनावरचे हात. तिथून वर्गीकरण उचला, यंत्रांची यादी नको.

ग्रामीण मिशनच्या टप्पा २ चे दर मांडून बघा. पाच हजारांपर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत, त्यावरच्या गावाला ४५ रुपयांपर्यंत. तीन हजार वस्ती म्हणजे १,८०,००० रुपये. यातले ३० टक्के, म्हणजे ५४,०००, वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे. उरलेले १,२६,००० मिशनचे, त्यात केंद्राचा वाटा ७५,६०० आणि राज्याचा ५०,४००. दिल्लीहून तुमच्या गावाच्या घनकचऱ्याला मिशनमधून येणारी रक्कम एवढीच, तीही एकदाच, तीही उभारणीसाठी. एवढ्यात जांभ्या चिऱ्याची छोटी शेड होते किंवा एक ई-रिक्षा येते. दोन्ही नीट होत नाहीत. सांडपाण्यासाठी वेगळे माणशी २८० रुपये आहेत. ते कचऱ्याच्या शेडीवर वळवले की लेखापरीक्षणात आक्षेप येतो. तालुक्याला मात्र प्लास्टिक प्रक्रिया युनिटसाठी १६ लाखांपर्यंत तरतूद आहे. पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांना पहिलं विचारायचं ते हेच: आपल्या तालुक्याचं युनिट कुठे आहे, त्याला थ्री-फेज वीज जोडली का, आणि आमचा माल ते कुठल्या वारी घेणार.

शेड झाली तरी रोजचा खर्च मिशन देत नाही, आणि गावचं काम बंद पडतं ते इथेच. २०२१ ते २०२६ या पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात ग्रामपंचायतीच्या निधीपैकी ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच बांधलेला होता, त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी. तो आराखड्यात ‘कचरा वाहतूक व देखभाल’ या नावाने आधी धरलेला असेल तरच खर्चता येतो. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आराखडा चढला आणि त्यात ही ओळ नसली, तर वर्षभर पैसा खात्यात असून ड्रायव्हरचं मानधन देता येत नाही. पंचायत राज मंत्रालयाचा तुमच्याशी संबंध येतो तो या एका ओळीपुरता, पण तीच ओळ सगळ्यात जास्त राहून जाते.

दुसरा पैसा घरातच आहे. घरपट्टीच्या पावतीवर दिवाबत्ती कराखाली आरोग्य कर असतो. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ मध्ये कचरा हलवणं आणि त्याची विल्हेवाट यासाठी हा कर घेण्याची सोय आहे. तो वर्षानुवर्षं जुन्याच दराने चालू असतो. होमस्टेला घराच्याच दराने आकारणी होते आणि कचरा मात्र शनिवार-रविवारी पाच घरांचा. केंद्राच्या ‘मोठ्या कचरा उत्पादका’च्या व्याख्येवर इथे विसंबू नका. दिवसाला १०० किलो कचरा, किंवा ४०,००० लिटर पाणी, किंवा २०,००० चौरस मीटर बांधकाम, यातलं काही एक लागतं. दहा खोल्यांचा होमस्टे, वीस पाहुणे, माणशी अर्धा किलो धरला तरी दहा किलो. गावातले बावीसच्या बावीस होमस्टे मिळून कदाचित शंभर पार होतील, पण नियम एकेकाला मोजतो. म्हणून ग्रामसभेत ठराव करून खोलीमागे सेवाशुल्क लावणं हाच मार्ग. शुल्क लावताना सेवा लिहून द्या: आठवड्यातून किती फेऱ्या, कोणते दिवस, न वेगळा केलेला कचरा घेणार नाही. नुसता दर जाहीर केला तर पहिल्याच महिन्यात ‘गाडी आलीच नाही’ म्हणून वसुली थांबते.

दंडाच्या अधिकाराबाबत पंचायती स्वतःला उगाच दुबळ्या समजतात. प्लास्टिक नियमांत ग्रामीण भागात पिशव्यांचा वापर आणि कचरा करणाऱ्याची जबाबदारी यांच्या अंमलबजावणीसाठी नेमलेला प्राधिकारी ग्रामपंचायतच आहे, आणि तिला मदत करण्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांवर आहे. त्यात राज्याची २३ मार्च २०१८ ची प्लास्टिक-थर्माकोल अधिसूचना: पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. १ जुलै २०२२ पासून केंद्राचीही एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी आहे: प्लास्टिकच्या प्लेटा, कप, चमचे, स्ट्रॉ, थर्माकोलची सजावट. केंद्राच्या नियमात पिशवी १२० मायक्रॉनच्या खाली चालत नाही. गावातल्या दुकानदाराला थेट पाच हजाराची पावती फाडणं शहाणपणाचं नाही हे सांगायला नको. पण समुद्रावर स्टॉल लावणारे आणि बाहेरून येणारे केटरर यांच्यासाठी ही तरतूद हाताशी असू द्या. कचरा जाळणाऱ्यासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा डिसेंबर २०१६ चा आदेश आहे: साध्या जाळण्याला ५,०००, मोठ्या ढिगाला २५,०००. पंचायतीच्याच शेडीमागे धूर निघत असेल तर हा आदेश उलटा लागतो, तेवढं बघा.

आता सुका कचरा, म्हणजे खरा डोकेदुखीचा माल. बाटल्या, पुठ्ठा, लोखंड, काच भंगारवाला नेतो. शेडीत साठतात ती वेफर्स-बिस्किटांची चकचकीत पुडकी, शाम्पूच्या पुड्या, दुधाच्या आणि किराण्याच्या मळकट पिशव्या. यांना विकत कुणी घेत नाही. केंद्राचा ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’चा नियम नेमका यासाठी आहे. १६ फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ज्या कंपनीने वेष्टन बाजारात आणलं, तिने तेवढ्या वजनाचं प्लास्टिक परत गोळा करून प्रक्रियेला घातल्याचं प्रमाणपत्र दाखवायचं. वर्ग असे: एक कडक प्लास्टिक, दोन लवचीक, तीन बहुपदरी (वेफर्सची चकचकीत पुडकी यातली), चार कुजणारं प्लास्टिक.

प्रमाणपत्र तयार होतं ते नोंदणीकृत प्रक्रियादाराकडे. ग्रामपंचायतीला ते काढता येत नाही. म्हणजे कंपनीला पत्र लिहून ‘तुमची पुडकी न्या’ म्हणण्यापेक्षा, केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर नोंद असलेल्या प्रक्रियादाराशी पंचायतीने किंवा, अधिक बरं, पंचायत समितीने करार करावा. त्याला कंपन्यांकडून पैसा मिळतो, त्यातून त्याने वाहतूक करावी. करारात तीन गोष्टी नसतील तर सही करू नका: त्याचा नोंदणी क्रमांक आणि त्याची मुदत, किमान किती माल साठल्यावर गाडी येणार, आणि प्रत्येक फेरीची काट्याची पावती पंचायतीला मिळणार. पावती मिळत नसेल तर माल घाटातल्या एखाद्या वळणावर रिकामा होण्याची शक्यता धरून चाला, आणि तिथे सापडलेल्या पुडक्यांत तुमच्या गावच्या डेअरीची पिशवी निघाली की नोटीस तुम्हालाच येते.

वाहतुकीचं गणित इथे सगळं ठरवतं. बहुपदरी प्लास्टिकचा शेवट सहसा सिमेंटच्या भट्टीत होतो आणि कोकणात तशी भट्टी नाही. माल घाट चढून चंद्रपूरकडे किंवा कर्नाटकात जातो. सुटं प्लास्टिक घनमीटरला जेमतेम तीस किलो भरतं. पिकअपच्या हौद्यात फळ्या लावून सात घनमीटर बसलं तर दोनशे किलो. तेच गासड्या बांधून भरलं तर तीच पिकअप टनभर नेते. म्हणून गावाने चुरा करायचं यंत्र मागू नये, गासड्या बांधायचा दाब मागावा. हाताने चालणारा स्क्रूचा चालतो, त्याला वीज लागत नाही आणि श्रावणात दोन दिवस वीज नसली तरी काम अडत नाही. चुऱ्याचं यंत्र तालुक्याला राहू दे. समुद्रावरून गोळा केलेल्या प्लास्टिकला वाळू चिकटलेली असते, ती आधी झटकली आणि धुतली नाही तर पात्यांची धार बघता बघता जाते, आणि खाऱ्या हवेत बेअरिंगं पहिल्याच पावसाळ्यात गंजतात.

शेडीत एक गोष्ट डोळ्यासमोर करून बघा. जुलैमध्ये आलेली पुडक्यांची एक गोणी काट्यावर ठेवा, आकडा लिहा. मग ती जाळीच्या फळीवर पसरून दोन दिवस वाऱ्यावर ठेवा आणि पुन्हा वजन करा. आठ किलोची गोणी पाच-साडेपाचवर येते. बाकीचं पाणी, चटणीचा राप आणि माती. प्रक्रियादार ओल्या मालाला याच हिशेबाने कट लावतो, आणि ओल्या गासडीला आतून बुरशी धरली की घेतच नाही. शेडीला तीन बाजूंनी भिंत आणि जमिनीपासून फूटभर उंच लाकडी किंवा बांबूची फळी हवी. नैर्ऋत्येची बाजू पूर्ण बंद, उघडं तोंड पूर्वेला. जिल्हा परिषदेच्या ठरावीक नकाशात बहुतेक वेळा दोन बाजू उघड्या असतात, कारण तो नकाशा घाटावरच्या पावसाचा आहे. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस तिरका येतो, हे शाखा अभियंत्याला नकाशा मंजूर होण्याआधी लेखी कळवा.

रस्त्याच्या डांबरात प्लास्टिक घालायचा प्रस्ताव गावागावात येतो. डांबराच्या वजनाच्या सुमारे ८ टक्क्यांपर्यंत, स्वच्छ, कोरडं, दोन-तीन मिलिमीटरचं, पीव्हीसी अजिबात नसलेलं प्लास्टिक लागतं. पीव्हीसी तापलं की हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर येतो. पावणेचार मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्याला जेमतेम टनभर खपतं. ठरवणारा मात्र रस्त्याचा मालक असतो. ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल तर ग्रामविकास मंत्रालयाची यंत्रणा, जिल्हा मार्ग असेल तर जिल्हा परिषदेचं किंवा सार्वजनिक बांधकाम खातं, मुंबई-गोवा महामार्ग असेल तर केंद्राचं रस्ते मंत्रालय. निविदेत आधी लिहिलं नसेल तर ठेकेदार मिक्सर थांबवून तुमचं पोतं ओतणार नाही.

ओल्या कचऱ्यात वरचं कुणीच नको, तो गावात जिरतो. फक्त कोकणातलं ओलं वेगळं आहे. शहाळ्यांची कवचं, माशांची आतडी-डोकी, आंब्याच्या पेट्यांतला पेंढा. शहाळी खड्ड्यात टाकली तर वर्षभरही तशीच राहतात आणि त्यांत पाणी साठून डास होतात. कोयत्याने चार फाका करून माडाच्या आळ्यात उपडी घातली की आच्छादनाचं काम करतात. मासळीचा कचरा एकट्याने कुजवला तर वास आणि अळ्या ठरलेल्या. एक पाटी मासळीला निदान तीन पाट्या कोरडा पालापाचोळा किंवा काथ्याचा भुसा, वर वीतभर पाल्याचा थर, आणि सगळ्यावर झाप. नाडेपची टाकी, म्हणजे कंपोस्टसाठीची भोकं ठेवलेली विटांची टाकी, दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच हे माप ठीक, पण पावसाळ्यात वर छप्पर नसेल तर त्यातलं काळं पाणी जांभ्यातून थेट शेजारच्या विहिरीत उतरतं. जांभा म्हणजे चाळण. टाकी विहिरीच्या वरच्या अंगाला नको.

आता किनारा. इथे जागेवरून खातं ठरतं. भरती-ओहोटीच्या मधला पट्टा सरकारी आहे. बंदर हद्दीत आणि जेटीवर महाराष्ट्र सागरी मंडळ, ज्याला सगळे मेरीटाइम बोर्ड म्हणतात. त्यांच्या जेटीवर कचऱ्याचा पिंप नसेल तर बंदर निरीक्षकाला लिहा, पंचायतीने पिंप घेऊ नये. मासळी उतरवण्याच्या जागेसाठी सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय. फाटकी जाळी किनाऱ्यावर किंवा समुद्रात टाकली जातात त्याबाबत मच्छीमार सोसायटीला बरोबर घेतल्याशिवाय काही होत नाही. नायलॉनचं जाळं वेगळं आणि कोरडं ठेवलं तर त्याला गिऱ्हाईक मिळतं, दोर आणि शिसं काढून दिलं तर भाव जास्त. बोटींचं जळकं ऑइल हा घातक कचरा आहे. ते ड्रममध्ये साठवून नोंदणीकृत पुनर्शुद्धीकरण करणाऱ्यालाच द्यायचं. खारफुटीत कचरा पडला असेल तर कांदळवन कक्ष किंवा वनखातं. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर खारफुटीभोवतीचा ५० मीटर पट्टाही मोकळा ठेवायचा आहे, भरावाचा एक ट्रकसुद्धा चालत नाही. घरदुरुस्तीतला चिरा-गिलावा खाडीच्या कडेला ओतायची सवय इथेच नडते.

वेळास, आंजर्ले, गुहागर अशा कासवांच्या किनाऱ्यांवर वाळू चाळणारं ट्रॅक्टरचं यंत्र आणायचा उत्साह आवरावा. ऑलिव्ह रिडले साधारण नोव्हेंबरपासून अंडी घालते, पिल्लं मेपर्यंत निघतात. वन्यजीव अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. त्या महिन्यांत हाताने वेचणी, आणि वनरक्षकाला आधी सांगून.

पावसाळ्याच्या तोंडावर वाळूवर डांबराचे गोळे येतात. पायाला लागलेलं खोबरेलाने निघतं, पण ढिगाने आले तर तो गावचा कचरा उरत नाही. समुद्रातल्या तेलगळतीसाठी देशाची समन्वयक यंत्रणा भारतीय तटरक्षक दल आहे (१५५४ वर कळवा); किनाऱ्यावर आलेल्यासाठी जिल्हाधिकारी, १०७७ वर आपत्ती कक्ष. पंचायतीने एवढंच करावं: किती लांबीत, भरतीच्या कुठल्या वेळी, फोटो. गोळा करायचे झाले तर हातमोजे आणि फावडं, शक्य तितकी कमी वाळू, जाड पिशवी लावलेल्या ड्रममध्ये. पुरायचे नाहीत, जाळायचे नाहीत. त्यांची शेवटची जागा घातक कचऱ्याच्या केंद्रात आहे, जसं तळोज्याला आहे, आणि तिथवर नेण्याची व्यवस्था प्रदूषण मंडळामार्फत जिल्हा प्रशासनाने करायची.

दवाखान्याचा कचरा पंचायतीच्या गाडीत कधीच घेऊ नका. जैववैद्यकीय नियम २०१६ नुसार तो दवाखान्याने पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या अशा रंगांप्रमाणे वेगळा ठेवून ४८ तासांत सामायिक प्रक्रिया केंद्राच्या गाडीत द्यायचा. उपकेंद्रासाठी जिल्हा आरोग्य अधिकारी, खासगी डॉक्टरसाठी प्रदूषण मंडळ. घरातल्या इन्सुलिनच्या सुया तेवढ्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत बंद करून घ्या; घंटागाडीवरच्या बाईच्या हातात सुई घुसली की दुसऱ्या दिवशी गाडी बंद.

जागेचं शेवटी लिहितो, पण अडतं ते तिथेच. सातबाऱ्याच्या इतर हक्कात ‘खाजगी वन’ असा शेरा असेल तर शेड बांधायला वनखात्याची, म्हणजे शेवटी केंद्राच्या त्याच पर्यावरण मंत्रालयाची परवानगी लागते. कोकणात मोकळी दिसणारी बरीच कातळ-डोंगरी जमीन अशीच निघते. किनाऱ्याकडे सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे नियम. २०१९ च्या अधिसूचनेत विरळ वस्तीच्या गावाला भरतीरेषेपासून २०० मीटर, दाट वस्तीच्या गावाला ५० मीटर बांधकामबंदीचा पट्टा आहे, आणि खाडीच्या कडेने ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतका, जे कमी असेल ते. भरतीरेषा डोळ्यांनी ठरवायची नसते, ती मंजूर नकाशावर असते. नकाशाची प्रत आधी काढा, मग जागा दाखवा. जागा गावात नसेल तर दोन-तीन पंचायतींनी मिळून जिल्हाधिकाऱ्यांकडे मागा. २०१६ च्या नियमांतही जागा शोधून द्यायचं काम त्यांच्यावरच होतं.

पत्र कुठल्याही कार्यालयाला गेलं तरी सोबत वजनवहीचं पान हवं. वहीत रकाने पाच: तारीख, कुठून आला (घरं, होमस्टे, जेटी, किनारा), प्रकार, वजन, कुठे दिला. रोज दहा मिनिटांचं काम आहे. तीन महिन्यांची वही असली की ‘समुद्र कचरा टाकतो’ याऐवजी जून ते ऑगस्टमध्ये किनाऱ्यावरून किती किलो, त्यात जाळी किती, बाटल्या किती हे लिहिता येतं. मग मत्स्यव्यवसायचं पत्र जाळ्यांच्या आकड्याचं, मेरीटाइम बोर्डाचं जेटीच्या आकड्याचं, पंचायत समितीचं पुडक्यांच्या आकड्याचं होतं, आणि एकाच पत्राच्या पाच प्रती पाच ठिकाणी जात नाहीत. प्रत्येक पत्रात एकच मागणी, नियमाचं नाव आणि उत्तराची तारीख. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच विषयावर माहिती अधिकाराचा अर्ज. हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. पण तिथे जायच्या आधी तुमच्या शेडीमागचा जुना ढीग उचललेला असू द्या, कारण पहिला फोटो समोरचा पक्ष त्याचाच लावतो.